वजन उतरवायचंय ना? मग डाळ आधी वाढून घ्या

"ताई, मी काही खातच नाही हो, तरी वजन हलत नाही." हैदराबादच्या काचीगुड्यात माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बहुतेक बायकांचं पहिलं वाक्य हेच असतं. कुणी निंबोळी अड्ड्याहून येते, कुणी बरकतपुऱ्याहून, कुणी चप्पल बाजारातून. मराठी, तेलुगू, मारवाडी, दखनी अशा भाषा वेगवेगळ्या, गाऱ्हाणं मात्र एकच. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. समोर कागद ठेवते आणि सांगते, काल सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सगळं लिहा. चहा लिहा, चहातली साखर लिहा, पोरांच्या ताटात उरलेलं खाल्लं असेल तर तेही लिहा.

असाच एक कागद इथे मांडते, म्हणजे मला काय सांगायचंय ते लगेच ध्यानात येईल. बाई पंचेचाळिशीच्या, वजन सत्तर किलोच्या घरात, उंची पाच फुटांच्या थोडी वर, काम घरातलं आणि बरंचसं बैठं. सकाळी लिंबू-मधाचं कोमट पाणी. मग दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं. दुपारी जेवण बंद, त्याऐवजी काकडी-टोमॅटो आणि अर्धी वाटी दही. संध्याकाळी पुन्हा तसाच चहा, सोबत दोन टोस्ट. रात्री एक पोळी आणि वाटीभर भाजी. भात सोडलेला, डाळ सोडलेली, "दुधानं वजन वाढतं" म्हणून दूधही सोडलेलं.

मी त्यांच्यासमोरच बेरीज केली. दिवसाला साडेसहाशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम. त्यांच्या शरीराला दिवसाला किमान 46 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे गरजेचा एक तृतीयांश भागच पोटात जात होता. केस मुठीमुठीनं गळत होते, जिना चढताना धाप लागत होती, हिमोग्लोबिन खाली आलेलं होतं. सुरुवातीला चार किलो उतरले होते, पुढे काटा अडला तो अडलाच.

काटा का अडला याचं उत्तर त्याच कागदावर खाली, आधीच्या आठवड्याच्या नोंदींत होतं. शनिवारी संध्याकाळी भुकेनं जीव कासावीस झाला, तेव्हा मिरची भजी आली. रविवारी पाहुण्यांसोबत पोटभर बिर्याणी आणि डबल का मीठा झाला. मधल्या दिवसांत स्वयंपाक करताना चाखलेलं, डब्यातला मूठभर चिवडा, मुलाच्या ताटातला उरलेला भात. हा त्या बाईंचा हावरटपणा नव्हता. पाच दिवस उपाशी ठेवलेलं शरीर सहाव्या दिवशी अन्न मागणारच. शिवाय अन्न कमी पडलं की शरीर आपोआप हालचाल आवरतं घेतं. माणूस जास्त बसतो, जास्त पडून राहतो, आणि खर्च होणाऱ्या कॅलरीही कमी होतात.

माझं सांगणं एवढंच आहे: वजन उतरवायचं असेल तर तेल, साखर, मैदा आणि भात-पोळीचा जादा वाटा कमी करा. डाळ, भाजी, दूध-दही, अंडी यांना हात लावू नका, उलट ती वाढवा. आपल्याकडे नेमकं याच्या उलट होतं. ताटातली डाळ जाते आणि बशीतलं बिस्किट राहतं.

दोन स्टेशनांवरचं ज्ञान

काचीगुड्याला एमएमटीएस लोकलमध्ये बसून सिकंदराबादच्या दिशेनं निघालं, की आधी विद्यानगर येतं आणि मग जामिया उस्मानिया. तिथं उतरलं की जवळच राष्ट्रीय पोषण संस्था आहे, आपण सगळे तिला 'एनआयएन' म्हणतो. देशभरातल्या आहारतज्ज्ञांच्या टेबलावर जे आकडे असतात, म्हणजे शंभर ग्रॅम ज्वारीत किती प्रथिनं, अंबाडीत किती लोह, ते या संस्थेच्या कोष्टकांतून येतात. संस्थेचं मूळ 1918 सालचं. तमिळनाडूतल्या कुन्नूरला बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करण्यासाठी एका खोलीत काम सुरू झालं. 1958 मध्ये संस्था हैदराबादला आली आणि 1969 मध्ये तिला आजचं नाव मिळालं.

कुन्नूरच्या त्या प्रयोगशाळेत एका मराठी बाईंनी सहायक संचालक म्हणून काम केलं होतं. त्या म्हणजे कमलाबाई सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं, पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. गरिबाला परवडणाऱ्या अन्नातून पोषण कसं मिळेल हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला होता. आपल्या वरणाच्या वाटीमागे इतक्या मोठ्या विदुषीची मेहनत आहे, आणि आपण 'डाएट' म्हणून तीच वाटी बाजूला सारतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एनआयएननं मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत दिवसाला 2,000 कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट आखून दिलं आहे. सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं (मांसाहारी असाल तर यातच अंडी-मासे-मांस), 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 300 मिली दूध किंवा दही, मूठभर दाणे-बिया आणि 27 ग्रॅम तेल-तूप. वजन कमी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. आहार दिवसाला 1,000 कॅलरींच्या खाली जाऊ नये आणि त्यातून सगळे पोषक घटक मिळावेत. आणि आठवड्याला अर्धा किलो वजन उतरणं सुरक्षित मानावं. 'दहा दिवसांत सात किलो' अशी जाहिरात दिसली, की हा अर्धा किलोचा आकडा आठवावा.

बारीक दिसणारा माणूसही फसतो

वजन म्हणजे नुसता काट्यावरचा आकडा नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रातून जगाला दाखवून दिलं. 2004 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. आकडा एकच आणि चरबी दुपटीहून जास्त. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ असूनही आत चरबी साठवतं आणि त्यात स्नायू कमी असतात, ही गोष्ट त्या एका चित्रानं सर्वांना कळली.

म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की सावध व्हायचं आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरायचा. कंबरेचा घेर बायकांमध्ये 80 सेंटिमीटर आणि पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटरच्या आत हवा. शिवणाची टेप प्रत्येक घरात असते, महिन्यातून एकदा तिचा उपयोग करा.

आता पाहा, मुळातच स्नायू कमी असलेलं शरीर आणि त्यात आपण प्रथिनं तोडली. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं. काट्यावर चार किलो कमी दिसतात, पण त्यातला बराच भाग ज्या स्नायूंच्या जोरावर आपण जिना चढतो, बादली उचलतो, साखर पचवतो, त्यांचाच असतो. पुढे खाणं पूर्ववत झालं की चरबी लवकर परत येते, स्नायू मात्र मेहनत केल्याशिवाय परत येत नाहीत. दोन-चार वेळा असं 'डाएट' झालं, की वजन तेवढंच राहून शरीर आधीपेक्षा दुबळं होतं.

इथं आणखी एका मराठी माणसाची आठवण येते. सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगभर प्रथिनांच्या टंचाईची चर्चा जोरात होती, तेव्हा त्यांनी ठासून मांडलं की भारतातल्या गरिबाला प्रथिनं कमी पडतात याचं मोठं कारण त्याला एकूण अन्नच कमी पडतं हे आहे. पोटाला पुरेसं इंधन मिळालं नाही, की शरीर खाल्लेली प्रथिनंसुद्धा इंधन म्हणून जाळतं. त्यांनी हे दारिद्र्याबद्दल सांगितलं. पण सुखवस्तू घरात स्वतःहून उपाशी राहणाऱ्या बाईच्या शरीरालाही तोच नियम लागू आहे. साडेसहाशे कॅलरीच्या दिवसात तिनं थोडं दही खाल्लं, तरी त्यातली प्रथिनं केसांपर्यंत आणि रक्तापर्यंत पोहोचतीलच असं नाही.

उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो हेही तपासून झालं आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे सुमारे 1,600 कॅलरींवर ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांशानं घटलं. त्यांना सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, कशात लक्ष लागायचं नाही. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे. पुन्हा पोटभर जेवायला मिळाल्यावर कित्येकांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. ती शिस्तीत वाढलेली, स्वखुशीनं आलेली माणसं होती. म्हणून 'डाएट' मोडलं की जी बाई स्वतःला दोष देत बसते, तिला मी हा प्रयोग सांगते. मन कमकुवत म्हणून डाएट मोडत नाही, अन्न अपुरं म्हणून मोडतं.

साडेचौदाशे कॅलरींचं भरलेलं ताट

त्या पंचेचाळिशीच्या बाईंना मी कोणतीही पावडर दिली नाही, परदेशी बी दिलं नाही. बडी चावडीच्या भाजीबाजारात आणि घराखालच्या किराणा दुकानात मिळतं त्यातूनच दिवस आखला.

सकाळी पेसरट्टू. हैदराबादेत राहून हे न खाणं म्हणजे हातचं सोडणं. साधारण 50 ग्रॅम अख्खे हिरवे मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटायचे. आंबवायची गरज नाही. बिडाच्या तव्यावर एक चमचा तेलात दोन लहान पेसरट्टू होतात. वरून बारीक कांदा पेरायचा. यातून सव्वादोनशेच्या आत कॅलरी आणि जवळजवळ 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. कालचा अख्खा दिवस मिळून पंधरा-सोळा ग्रॅम मिळाली होती, आज न्याहारीतच 12 झाली. सोबत चहा, पण साखर एक चमचा आणि बिस्किट नाही.

दुपारी ज्वारीची एक भाकरी, अंबाडीचं घट्ट वरण, वाटीभर दुसरी भाजी, दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर आणि वाटीभर दही. भाकरी करायला वेळ नसेल तर रस्त्याच्या कडेला जोन्न रोट्टे करणाऱ्या बायका बसतात, त्यांच्याकडून गरम भाकरी आणता येते. हे जेवण पाचशे कॅलरींच्या आसपासचं आणि प्रथिनं 20-21 ग्रॅम.

संध्याकाळी एक पेरू आणि मूठभर फुटाणे. रात्री एक पोळी, वाटीभर मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि झोपण्याआधी पेलाभर साय काढलेलं दूध. अंडी चालत असतील तर उसळीऐवजी दोन अंड्यांची भुर्जी.

सगळं मिळून साडेचौदाशेच्या आसपास कॅलरी आणि साठ ग्रॅमच्या घरात प्रथिनं. पहिल्या कागदापेक्षा कॅलरी दुपटीहून जास्त आणि प्रथिनं जवळजवळ चौपट. बाई घाबरल्या. "ताई, एवढं खाऊन वजन कमी होईल?" हो, होईल. त्यांच्या वजनाच्या आणि कामाच्या बाईला दिवसाला साधारण 1,900 कॅलरी लागतात. रोज चार-साडेचारशेची तूट पडली, की आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वजन उतरतं, आणि पोट भरलेलं असल्यामुळे शनिवारच्या भज्यांची ओढ आपोआप कमी होते. पाणी, पाळी, मीठ यांमुळे काटा आठवड्याला वर-खाली होतो, त्यामुळे महिन्याचा हिशोब पाहायचा.

हे आकडे एका बाईचे आहेत. उंची, वय, काम यांनुसार प्रत्येकाचं माप बदलेल, रचना मात्र तीच राहील.

अंबाडीचं वरण, नीट

एक पदार्थ जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते काचीगुड्यात वजन उतरवण्याचं यापेक्षा चांगलं साधन नाही. अंबाडी, म्हणजे इथला गोंगुरा, भाजीवाल्या आजींकडे मिळतो. तांबड्या देठाचा जास्त आंबट, हिरव्या देठाचा कमी. त्यासोबत चुका किंवा माठाची, इथल्या भाषेत तोटकूराची, एक जुडी घ्या.

माणशी 30 ग्रॅम तूरडाळ, म्हणजे कोरडी डाळ साधारण दोन मोठे चमचे शिगोशीग. डाळ धुऊन हळद घालून शिजवा. अंबाडीची आणि सोबतच्या भाजीची पानं खुडून, तीन पाण्यांतून धुऊन, हिरवी मिरची आणि कांद्याबरोबर वेगळी वाफवा. पानं आवळून गडद झाली की डाळीत घोटा. चार माणसांच्या वरणाला फोडणी चार लहान चमचे तेलाची, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, सुक्या मिरच्या, कढीपत्ता. मीठ बेतानं, कारण आंबटपणा चवीचं काम करतो.

यात पाणी फार घालू नका. आपल्याकडे वरण पातळ करायची खोड असते. वाटीभर पातळ वरणात पाण्याचाच वाटा मोठा आणि डाळ चमचाभर. वाटी एकच मोजली तरी घट्ट वरणात दुप्पट डाळ जाते. जेवताना पहिले चार-सहा घास नुसत्या वरणाचे आणि कोशिंबिरीचे घ्या, मग भाकरी किंवा भात. भूक डाळ-भाजीवर भागली की भात आपोआप एका वाटीवर थांबतो. भातही सोडायचा नाही. वाटीभर शिजलेल्या भातात दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, तो ताटात बसतो. पण तीन वाट्या भात आणि वर चमचाभर वरण हे प्रमाण उलटं करायला हवं.

तेलाकडे मात्र कडक नजर हवी. पंधरा मिलीचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, जवळपास एका पोळीएवढ्या. पोळी आपण मोजतो, तेल बाटलीतून धार धरून ओततो. कढईपाशी एक लहान चमचा ठेवा आणि तेल त्यानंच घाला. दुसरं काहीही न बदलता कित्येक घरांत यानंच फरक पडतो.

रक्तातलं लोह, चहा आणि उपवास

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला, आणि त्याच वयाच्या 24 जणींचं वजन प्रमाणाबाहेर होतं. तेलंगणात जास्त वजनाच्या बायकांचं प्रमाण 30 टक्क्यांवर आहे आणि रक्तक्षय इथंही निम्म्याहून जास्त बायकांना आहे. म्हणजे जाड बाई आणि रक्त कमी असलेली बाई या दोघी बऱ्याचदा एकच असतात. तिला आणखी कमी खायला सांगणं हा उपचार होऊ शकत नाही.

लोह पालेभाज्या, कडधान्यं, बाजरी, हलीव, मांस यांतून मिळतं. शाकाहारी अन्नातलं लोह शरीर कमी शोषतं, म्हणून जेवणात लिंबू, आवळा, पेरू यांपैकी काहीतरी हवं. आणि जेवणाला लागून चहा नको. चहातले घटक लोह अडवतात, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळावा असं एनआयएनही सांगतं. हैदराबादेत इराणी चहाचं प्रेम मोठं आहे, ते सोडायला मी सांगत नाही. वेळ बदला आणि त्या चहासोबतची बिस्किटं सोडा.

उपवासांचंही तेच. श्रावणात पुष्कळ जणी वजन उतरेल या आशेनं जास्तीचे वार धरतात आणि दिवसभर साबुदाण्यावर काढतात. साबुदाण्यात पिठूळ पदार्थाखेरीज फारसं काही नसतं. खिचडीत जे थोडं पोषण असतं ते दाण्याच्या कुटाचं. उपवास श्रद्धेनं करायचा असेल तर जरूर करा, पण त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दूध, फळं यांनी ताट भरा.

दोन वेळाच जेवायची पद्धतही मराठी घरांत घट्ट रुजली आहे. आधी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आणि नंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती लोकांपर्यंत नेली. मधल्या वेळचं चरणं थांबतं, हा तिचा मोठा लाभ. पण दोनदा जेवायचं तर दिवसभराची डाळ, भाजी, दही हे सगळं त्या दोन जेवणांत बसवावं लागतं. दोनदा अर्धपोटी जेवणं म्हणजे ती पद्धत पाळणं नव्हे. 2025 पासून भारतात वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आली आहेत. त्यांनी भूक मरते, माणूस चार घासांत उठतो. म्हणून ती घेणाऱ्यानं त्या चार घासांत आधी प्रथिनं आणि भाजी खाणं जास्तच गरजेचं आहे, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

काही जणांनी स्वतःच्या मनानं काही करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन कमी करण्याचा विचार बाजूला ठेवावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण अचानक कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती खायची हे डॉक्टरच ठरवतील. फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, हेही विसरू नये.

आणि खाल्लेली प्रथिनं स्नायूंत जायला हवी असतील तर स्नायूंना काम हवं. चालणं उत्तम, पण त्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा जोर लागणारा व्यायाम करावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, हे घरातही जमतं.

किराण्याची यादी काढा

शेवटी ज्या घराला खरंच बदल करायचा आहे, त्याला मी महिन्याच्या किराण्याची यादी आणायला सांगते. माणूस काय खाल्लं ते विसरतो, यादी विसरत नाही. चौघांच्या घरात सोना मसुरीचं 25 किलोचं पोतं, वर दहा किलो आटा, आणि सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून तीन-चार किलो, तेल सहा लिटर. अशा याद्या मी सतत पाहते. एनआयएनच्या मापानं शाकाहारी चौघांना महिन्याला 30 किलो धान्याला 10 किलो डाळी-कडधान्यं लागतात. म्हणजे तिनास एक. तेल-तूप मिळून साडेतीन लिटरमध्ये भागतं. तेल, साखर, बिस्किटं, फरसाण यांवरचे वाचलेले पैसे मूग, मटकी, फुटाणे आणि दुधाकडे वळवले, तर खर्च फारसा वाढत नाही.

यादी बदलल्यावर पंगतीचा क्रमही बदलावा लागतो. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. तोपर्यंत घट्ट वरण तळाला गेलेलं असतं, दही संपलेलं असतं, उरतात त्या पोळ्या आणि भात. त्यात तिला वजन कमी करायचं असलं, की न उरलेल्या वाटीला 'माझं डाएट आहे' असं नाव मिळतं आणि घरात कुणालाच काही खटकत नाही. म्हणून नवऱ्यांना, सासवांना आणि वयात आलेल्या मुलांना माझं हात जोडून सांगणं आहे. तुमच्या घरातली बाई वजन कमी करत असेल तर तिला किती पोळ्या खाल्ल्या ते विचारू नका. तिच्या वाटणीचं वरण, उसळ आणि दही स्वयंपाक होताच वेगळं काढून ठेवा, आणि ती सगळ्यांबरोबर ताटावर बसेल असं पाहा.